अमेरिकेत 'आय अ‍ॅग्री' दाबण्याआधी घ्यायची काळजी

मंडळी, अमेरिकेत आलात ना, मग इंटरनेट घ्या, जिम लावा, काहीही करा, पण आधी अटी नीट वाचा. परवा घर बदललं म्हणून कनेक्शन बंद करायला फोन केला, तर भलीमोठी फी लावली आणि वर फोनवरची बाई गोड आवाजात म्हणते, सर तुम्ही अ‍ॅग्री केलंय ना.

अट पटली नाही तर घासाघीस करा. चॅटबॉट फार समजूतदार असतो.

'फुकट' फोन घेताना कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. कन्सेप्सिऑन नवरा-बायकोला अशाच फोनवर 30.22 डॉलर टॅक्स लागला, ते क्लास अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या एकत्र खटल्यात, गेले, तर 2011 मध्ये सुप्रीम कोर्ट 5 विरुद्ध 4 ने म्हणालं की करारात एकेकट्याने आर्बिट्रेशनला, म्हणजे कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडे, जायचं लिहिलंय ना, मग तसंच जा, 1925 चा आर्बिट्रेशनचा कायदाच आहे तसा. आता तीस डॉलरसाठी कोण लावतंय वकील?

बाहेर जेवायला जाताना टीव्हीचं सबस्क्रिप्शन तपासा. 2023 मध्ये फ्लोरिडात डिस्नी स्प्रिंग्जच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवल्यावर अ‍ॅलर्जीने एक डॉक्टर बाई गेल्या. नवऱ्याने केस केली, तर डिस्नीचे वकील म्हणे, ह्यांनी 2019 ला डिस्नी प्लसची फ्री ट्रायल घेतलेली, तिच्या अटींत आर्बिट्रेशन आहे, सबब कोर्ट नाही! बोंबाबोंब झाली तेव्हा 2024 मध्ये माघार घेतली.

आणि प्रोफेसर लोकांवर विश्वास ठेवा. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या जज, वकील, प्रोफेसरांच्या संस्थेने 2022 मध्ये ग्राहक-करारांचं रीस्टेटमेंट, म्हणजे कोर्टांना वाट दाखवणारं कायद्याचं सार, मंजूर केलं. त्यात काय, तर नोटीस दिसली, वाचायची संधी मिळाली की अटी लागू, आणि अगदीच अन्यायकारक असतील तर जज बघून घेतील. कायद्याच्या प्रोफेसर मार्गारेट रेडिनसारखे लोक कधीपासून सांगतायत की ही संमतीच नव्हे, पण ठीके. अहो पण जज बघणार कधी? कोर्टाचं दार त्याच अटींमध्ये बंद केलंय ना! आणि गंमत म्हणजे सॉफ्टवेअर घेणाऱ्या हजारात एखाद-दोनच लोक अटी उघडतात, हे ज्यांनी मोजून दाखवलं त्यातल्याच एक बाई हे रीस्टेटमेंट लिहिणाऱ्यांत होत्या. म्हणजे कोणी वाचत नाही हे माहितीये, कोर्टाला माहितीये, कंपनीला तर पक्कं माहितीये, आणि तरी फी मागताना तोंड वर करून म्हणायचं की तुम्ही कबूल केलंत? काही लाज? सरळ लिहा ना कायद्यात, की कंपनी म्हणेल ते. आम्हाला कशाला त्यात सामील करून घेता!