गॅझेटियर एकट्या कॅम्पबेल यांचं नाही

मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरबद्दलचा, म्हणजे ब्रिटिश सरकारनं छापलेल्या जिल्हावार माहितीच्या खंडांबद्दलचा, एक मजकूर पुन्हा सगळीकडं फिरतोय. त्याचं सार असं: जेम्स कॅम्पबेल नावाच्या इंग्रज कलेक्टरनं घोड्यावरून गावोगाव फिरून एकट्यानं आपल्या सगळ्या जिल्ह्यांचा इतिहास लिहिला. तेव्हा आपल्यात इतिहास लिहिणारं कुणी नव्हतं. लिहिणारा परका, म्हणून ते लिखाण निःपक्ष. आणि ते सरकारी गॅझेट असल्यानं त्यातला शब्द कायद्यानं अंतिम.

मी हे खंड वर्षानुवर्षं वापरतो आणि कॅम्पबेल यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हा मजकूर खटकतो. त्यात त्यांची स्तुती आहे, पण त्यांच्या सोबत्यांची नावं पुसून केलेली.

‘इंग्रज’ हे आधी बाजूला ठेवू. कॅम्पबेल स्कॉटिश. जन्म १८४६ चा, ग्लासगोजवळच्या पार्टिकचा. वडील जॉन मॅक्लाउड कॅम्पबेल हे नावाजलेले धर्मशास्त्रज्ञ. ख्रिस्तानं सगळ्या माणसांसाठी मरण पत्करलं, निवडक लोकांसाठी नव्हे, असं शिकवल्याबद्दल १८३१ साली स्कॉटलंडच्या चर्चनं त्यांना काढून टाकलं होतं. मुलगा ग्लासगो विद्यापीठात शिकून १८६९ मध्ये मुंबईत सनदी नोकरीत आला.

आता ‘एकट्यानं’. जिल्ह्यांची माहिती गोळा करायचे प्रयत्न कॅम्पबेल यांच्या जन्माआधी, १८४३ पासूनच सुरू झाले होते, पण ते नीट तडीला गेले नाहीत. १८७३ मध्ये हे काम कॅम्पबेल यांच्याकडं आलं. त्यांचं पद संकलकाचं. कचेऱ्यांमधून प्रश्न खाली जात आणि उत्तरं वर येत. अभियंते, वनाधिकारी, डॉक्टर, शिक्षणखात्यातली माणसं आपापल्या विषयावर लिहून देत. या ढिगातून एकसारख्या प्रकरणांचं, एकसारख्या भाषेचं पुस्तक उभं करायचं काम कॅम्पबेल यांचं. त्यातही मध्येच दुष्काळाच्या कामावर जावं लागे. १८८० साली काही महिने ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनरही होते. सगळ्यांत आधी सुरत आणि भडोचचा खंड १८७७ मध्ये निघाला आणि शेवटची सूची १९०४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. एकूण २७ खंड, आणि काही खंडांचे दोन-तीन भाग. माझ्या मते हे कर्तृत्व घोड्यावरच्या एकट्या लेखकाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठं आहे. अनेक हातांचं काम एका हाताचं वाटावं इतकं ते जुळवलेलं आहे. गैरसमज झालाय तोही बहुधा त्यामुळंच.

ते हात कुणाचे होते? क्रमांकानं पहिल्या असलेल्या खंडाच्या दुसऱ्या भागात दख्खनचा प्राचीन इतिहास रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आहे. कानडी मुलखातल्या राजघराण्यांवर फ्लीट या सनदी अधिकाऱ्यानं लिहिलं, कोकणावर नेर्न या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्यानं. गुजरातच्या हिंदूंचा भाग भीमभाई किरपाराम यांचा, मुसलमानांचा फजलुल्ला लुत्फुल्ला फरीदी यांचा, पारशांचा खरशेदजी सीरवई आणि बमनजी पटेल यांचा. ही नावं शोधून काढावी लागत नाहीत. ती त्या खंडांतच छापलेली आहेत.

आणि पंडित भगवानलाल इंद्रजी. यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. जुनागढचा हा मुलगा गिरनारच्या पायथ्याचे शिलालेख वाचायच्या ओढीनं मोठा झाला, १८६१ मध्ये मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाडांकडं आला आणि त्यांच्यासाठी देशभर लेख उतरवत हिंडला. ते गुजरातीत लिहीत. इंग्रजी दुसरे करून देत. नाणेघाट आणि नाशिकच्या लेण्यांतले सातवाहन लेख ज्यांनी कष्टानं उलगडले त्यांत भगवानलाल अग्रभागी होते. १८८२ च्या एप्रिलमध्ये वसईजवळच्या सोपाऱ्यात ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखलं जाणारं टेकाड त्यांनी उकरलं. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा, भोवती आठ कांस्यमूर्ती, करंड्यात एकात एक बसवलेले आणखी करंडे आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. सोबत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं. ठाण्याच्या खंडात सोपाऱ्याची जी नोंद आज आपण वाचतो, ती या माणसाच्या हातांनी उभी राहिली आहे. १८८८ मध्ये ते गेले तेव्हा गुजरातच्या प्राचीन इतिहासाचं त्यांचं काम अपुरं होतं. ते सनदी अधिकारी जॅक्सन यांनी पुरं केलं आणि १८९६ मध्ये भगवानलालांच्या नावासह छापलं गेलं. ‘एका इंग्रजानं लिहिलं’ असं म्हणताना आपण नेमकं कुणाला खोडतो, ते इथं दिसतं.

‘आपल्यात इतिहास लिहिणारं कुणी नव्हतं’ याला तर तारखाच उत्तर देतात. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी पुण्यात विद्यार्थी असतानाच, १८६० च्या दशकात, ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासावर सविस्तर टीका लिहिली. कॅम्पबेल तेव्हा मुंबईत उतरलेही नव्हते. जिल्ह्यांचे खंड तयार होत होते त्याच काळात, १८७८ पासून, पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ महिन्यामागून महिना बखरी आणि जुनी पत्रं छापत होता. काशीनाथ नारायण साने आणि त्यांचे सहकारी हे सरकारी हुकमाशिवाय करत होते.

यातूनच निःपक्षपणाचा मुद्दा निघतो. गॅझेटियरमधला मराठेशाहीचा भाग मोठ्या प्रमाणात ग्रँट डफवर उभा आहे, म्हणजे ज्या पुस्तकातल्या चुका कीर्तन्यांनी आधीच दाखवल्या होत्या त्यावर. आणि लोकांची प्रकरणं वाचून पाहा. एकेका जातीला कष्टाळू, काटकसरी, अस्वच्छ, भांडखोर अशी विशेषणं सरसकट लावलेली आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं संपूर्ण जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली होती. रामोशी आणि भिल्लांबद्दलच्या ओळींतून तीच नजर डोकावते. नव्या कलेक्टरला दोनेक दिवसांच्या वाचनात आपला जिल्हा कळावा, अशी या खंडांमागची कल्पना होती. जे राज्य चालवायला लिहिलं, त्यात राज्य चालवणाऱ्याचा डोळा असणारच. पण सावकारांचे व्याजदर, मजुरी, पिकं, घाटरस्ते, आठवड्याचे बाजार यांवर या खंडांत गोळा केलेल्या तपशिलाला आजही तोड नाही. ‘भांडवल’ हे प्रकरण तर मी कुणालाही आधी वाचायला सांगतो.

राहिला कायदा. गॅझेट म्हणजे शासनाचं राजपत्र; त्यात अधिसूचना निघतात. गॅझेटियर म्हणजे वर्णनात्मक संदर्भग्रंथ. दोन शब्द सारखे दिसतात, एवढंच. न्यायालयं गॅझेटियर पाहतात, पण बिहारमधल्या गिधौरच्या महाराजांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं १९५१ मध्येच म्हटलंय की त्यातलं विधान निर्णायक असेलच असं नाही. सरकारी दस्तऐवज म्हणून त्याला काही मोल आहे.

म्हणून आपल्या गावाची नोंद काढून पुढं पाठवायची असेल तर खंडाचं साल आधी बघा. रत्नागिरी आणि खानदेशचे खंड १८८० चे, म्हणजे त्यांतली माणसं १८७२ च्या खानेसुमारीत मोजलेली. पुणे आणि सातारा १८८५ चे, त्यांमागं १८८१ ची मोजणी. मग प्रस्तावना उघडा, तळटिपा बघा, आणि ज्यानं ती माहिती दिली त्याचं नाव तिथं असेल तर तेही सोबत पाठवा.