कोल्हापुरात एकटं कसं राहावं

कोल्हापुरात एकटं राहणं हे येरागबाळ्याचं काम नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मुंबईत लोकलच्या डब्यात चारी बाजूंनी चेंगरूनसुद्धा माणूस निवांत एकटा राहू शकतो. इथं तुम्ही तोंड पाडून मिरजकर तिकटीवरून चालायला लागलात, की पंधरा पावलांत कुणीतरी गाडी बाजूला घेतोच. "काय भावा, कुठं चाललाईस? तोंड का उतरलंय?" त्याला उत्तर हवंच असतं असं नाही. तो गाडीसुद्धा बंद करत नाही, नुसता एक पाय खाली टेकतो. पण त्या पाच मिनिटांत तुम्ही आठवडाभर साठवलेला एकटेपणा पातळ होऊन जातो.

तेव्हा ज्यांना अस्सल, टिकाऊ एकटेपणा हवाय, त्यांनी माझं ऐकावं. मी या विषयातला अनुभवी माणूस आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातली माणसं चाराची एक झाली (कशी, ते सोडा) आणि तेव्हापासून मी बरीच मजल मारलीय.

सुरुवात दुधापासून करा. गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडं चुकूनही फिरकायचं नाही. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, हातात फेसानं भरलेला ग्लास. तो काही एका घोटात संपत नाही, आणि संपेपर्यंत शेजारचा बोलायला लागलेला असतो. म्हशीच्या वैरणीपासून सुरू होतो आणि पोरीच्या लग्नावर येतो. तोंडाला फेसाची मिशी लागलेल्या माणसाला परकं मानणं अवघड जातं हो. त्यापेक्षा पिशवीचं दूध मागवा. पहाटे दाराच्या कडीला कोण अडकवून जातं ते तुम्हाला कळत नाही, तुम्ही आहात की गेलात ते त्याला कळत नाही. दोघंही सुखी.

किराण्याचंही तसंच. दुकानात गेलात की चौकशा होतात, "साखर परवाच नेली की, पाहुणे आले व्हय?" मोबाईलवरून मागवलं की असा आगाऊपणा होत नाही. नेदरलँड्समध्ये एका सुपरमार्केटनं २०१९ साली उलटंच केलं. ज्यांना घाई नाही, ज्यांना पैसे देता देता दोन शब्द बोलायचेत, त्यांच्यासाठी वेगळं गप्पांचं काउंटर काढलं. म्हणजे आमच्या गल्लीतला दुकानदार जे काम गेली तीस वर्षं उधारीच्या वहीसकट करतोय, ते त्यांनी पाटी लावून सुरू केलं. ब्रिटनचं त्याच्या पुढचं. २०१८ मध्ये त्यांनी एकटेपणासाठी मंत्रीच नेमला. आमच्याकडं हे खातं शेजारच्या वहिनी बिनपगारी सांभाळतात. "काल तुमच्याकडचा दिवा लवकर गेला, बरं नव्हतं काय?" असल्या माणसांपासून जपून राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणं जगात दर सहा माणसांतला एक एकटेपणानं ग्रासलाय. त्या सहाव्यात आपला नंबर लावायचा तर वहिनींचा डोळा चुकवून दिवा रात्री बारापर्यंत चालू ठेवायला लागतो. मी ठेवतो.

आता प्रवास. वडापच्या गाडीत बसू नका. नवाच्या जागी चौदा कोंबलेले असतात, त्यात कुणाचं तरी पोर तुमच्या मांडीवर येतं, आणि मांडीवर पोर घेऊन तुसडेपणानं बसता येत नाही. नाइलाज झालाच तर कानात बोंडं घाला. गाणं लावायची गरज नाही, नुसती बोंडं पुरतात. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन संशोधकांनी शिकागोत आगगाडीनं ये-जा करणाऱ्या काही लोकांना शेजारच्याशी बोला म्हणून सांगितलं, काहींना गप्प बसायला सांगितलं, आणि २०१४ साली त्यावर निबंध छापला. बोललो तर प्रवास वाईट जाणार, असा लोकांचा होरा होता. झालं उलटं, बोलणाऱ्यांचाच प्रवास जास्त मजेत गेला. गोची कुठं होती, तर प्रत्येकाला वाटत होतं, मी तयार आहे, पण समोरच्यालाच बोलायचं नसणार. हा गैरसमज फार मोलाचा आहे. दोन्ही बाजूंनी नीट सांभाळला, तर समोरासमोर बसून गडहिंग्लजपर्यंत शांततेत जाता येतं.

काही ठिकाणं मुळातच घातक. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे आणि वाचनालय म्हटल्यावर तिथं शांतता असेल असं तुम्हाला वाटेल. पण पेपरचं आतलं पान तुमच्या हातात आणि बाहेरचं दुसऱ्या काकांच्या हातात आलं, की संपलं. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची मॅच असली तर त्या रस्त्यानंही जाऊ नका. शेजारी बसलेला अनोळखी माणूस पहिल्या गोलला मिठी मारतो. दुसरा गोल समोरच्यांनी केला, तर तुमचं मत विचारतो.

इथवर स्वतःचा एकटेपणा झाला. दुसऱ्याला एकटं पाडायचं हे त्याहून नाजूक काम, आणि त्यात आपण सगळेच तयार आहोत. मित्र कधीतरी बोलायचा प्रयत्न करतोच. त्यावेळी गडबडून न जाता लगेच उपाय सांगायचा. "झोप लागत नाही रे," म्हणाला की म्हणायचं, "तांबडा-पांढरा वरप दोन वाट्या, ढाराढूर झोपशील." "कशात मन लागत नाही," म्हणाला की म्हणायचं, "तालमीत ये, जोर मार." नाहीतर आपलं दुःख काढायचं, ते त्याच्यापेक्षा दोन बोटं मोठं असलं पाहिजे. "त्यात काय एवढं" हे तीन शब्द तर कुठल्याही विषयाला चालतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सूर्योदय, गुलाब आणि सुविचार पाठवायचा, म्हणजे आपण त्याची आठवण ठेवली हेही होतं आणि बोलायलाही लागत नाही.

हे मी स्वतः करून पाहिलंय. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलो होतो, मी आणि माझा एक मित्र. संध्याकाळची वेळ, मागं भेळेच्या गाड्या. तो पाण्याकडं बघत म्हणाला, "सकाळी उठूसंच वाटत न्हाई बघ." मी म्हणालो, "मग उठू नकोस, उद्या रविवारच हाय." तो हसला. मीही हसलो. पुढं पाऊण तास आम्ही फुटबॉलवर बोललो, दोघांनी मिळून एक भेळ खाल्ली, त्यानं कागदाचा बोळा करून खिशात घातला आणि तो गेला. माझी कामगिरी चोख झाली होती. वर्षभर त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

कडेला बसून ऐकणं एवढंच काम असलेली माणसं या धंद्याला मारक ठरतात. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं २००६ पासून आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकड्यांवर बसवलंय. उदासीला तिथल्या शोना भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘फार विचार करणं’. आपल्याकडंही म्हणतातच की, "लई इच्यार करतंय ते." त्या बाकड्यांचा लोकांना खरोखर उपयोग झाला, हे २०१६ साली रीतसर चाचणी करून दाखवलं गेलं. एवढं लांब कशाला, आंबोली उतरलं की गोवा. तिथं विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून उदासीच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. त्यांच्या एका पद्धतीचं मर्म फार साधं आहे. मन लागत नाही म्हणून माणूस बाहेर पडत नाही, बाहेर पडत नाही म्हणून मन आणखी लागत नाही. तर मन लागायची वाट न बघता आधी एक छोटं काम करायचं, एका माणसाला भेटायचं, म्हणजे ते चाक उलटं फिरायला लागतं. आपण मात्र चाक आहे तसंच फिरू द्यावं. रंकाळ्यावर बाकडी चिक्कार आहेत, फक्त दोन टोकांना दोघांनी बसून आपापल्या मोबाईलमध्ये बघायचं पथ्य पाळावं.

कधीकधी प्रकरण गप्पांच्या पलीकडं जातं. दोन-दोन आठवडे सलग कशात रस वाटत नाही, झोप उडते नाहीतर अंथरूण सुटत नाही, अन्न गोड लागत नाही, जगणंच नकोसं वाटायला लागतं. डॉक्टर याला आजार म्हणतात, त्याला औषध आहे, उपचार आहेत, आणि नुसत्या चहाच्या कपावर तो बरा होईल असं तेही म्हणत नाहीत. तुम्ही त्याला आळस म्हणा. डॉक्टरकडं जाऊ नका हे मी सांगायची गरज नाही, ते घरातलेच सांगतील, "लोक काय म्हणतील" या ठरलेल्या चालीवर. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यावर फोनवरून मदत करणाऱ्या सरकारी सेवेचा नंबर कुठं दिसेल असा लिहून ठेवू नका. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनं तो सुरू केलाय. रात्री तीनला लावला तरी लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. असल्या सोयी झाल्यावर एकटेपणा टिकायचा कसा?

माझ्या त्या मित्रानं नेमकी हीच चूक केली. डॉक्टरकडं गेला. गेल्या महिन्यात मिसळ खाताना त्यानं स्वतःच सांगितलं. गोळ्या चालू आहेत, आता बरं आहे. मग पावाचा तुकडा कटात बुडवून म्हणाला, "त्या दिवशी रंकाळ्यावर तुला हेच सांगायला आलतो." मी पोऱ्याला हाक मारून आणखी कट मागवला. माझ्या वाटीत होता अजून.

पण मी एवढा तयारीचा माणूस, माझाही घात झाला, तो कपिलतीर्थ मंडईत. दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो. शेवटचं बोलणं फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या बाईशी झालं होतं. ती तीनदा म्हणाली की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि आठवडाभरात तेवढं गोड माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मंडईत जाऊन "पावशेर भेंडी" म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. नुसती खरखर. मावशी म्हणाल्या, "घसा बसलाय काय दादा?"

"नाही. दोन दिवस बोललोच नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

मावशींनी वर बघितलंसुद्धा नाही. तागडीत भेंडी टाकत म्हणाल्या, "मग बोला की. आत्ता गिऱ्हाईक न्हाई."

आता बोलायचं काय? दोन वर्षांत माझा सगळा सराव उलट्या बाजूचा. मी कोथिंबिरीचा दर विचारला. त्यांनी दर सांगितला, मग पावसानं कोथिंबीर कशी कुजली ते सांगितलं, मग जावयानं नवीन गाडी कर्ज काढून घेतली ते सांगितलं, आणि जावयाच्या बाबतीत मला चक्क मत होतं. वीस मिनिटं गेली. निघताना पिशवीत कोथिंबिरीची पेंढी टाकली, मी मागितली नव्हती. "ऱ्हाऊ द्यात पाच रुपये, उद्या द्या."

उद्या द्या! हा सापळा माझ्या लक्षात यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी दहाची नोट दिली तर त्यांच्याकडं सुट्टे नव्हते, तिसऱ्या दिवशी मेथी घेतली तर माझ्याकडं नव्हते. पाच रुपये कधी माझे त्यांच्याकडं असतात, कधी त्यांचे माझ्याकडं. हा हिशोब एकदा मिटला की मी पुन्हा जोमानं एकटेपणाला लागणार आहे. सध्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या चार पेंढ्या आहेत. सुट्टे पैसे घरात डबाभर आहेत, पण मंडईत जाताना ते न्यायचे राहून जातात.