तीन दिवसांत घोडा निडर होत नाही

घोडेवाल्यांच्या आणि रायडिंग शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला पुन्हापुन्हा फिरतो. बुजणाऱ्या घोड्याला खुंट्याला आखूड बांधा, अंगावर ताडपत्री टाका, शेजारी ढोल बडवा. झुंजून दमला की भीती मेली, आणि तीन दिवसांत घोडा जन्मभराचा निडर. एका डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्या डोळ्याला कळत नाही, म्हणून सगळं दोनदा करा. वरातीला नेताना कानांत कापूस कोंबा. आणि फुगे, झेंडे, पोती घेऊन घोड्यावरून खेळायचे खेळ हा पोरखेळ, त्याने घोडा उलट बिघडतो. यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे. बांधण्याचा भाग तर घोड्याच्या आणि माणसाच्याही जिवावर बेतू शकतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

"आखूड बांधून ठेवा, दमला की भीती जाते."

घोड्याचा जीव वाचतो तो पळण्याने. घाबरला की आधी पळायचं आणि मग वळून बघायचं, हा त्याचा उपजत क्रम आहे. ती वाट बंद केली की तो पूर्ण ताकदीने मागे ओढ घेतो. म्होरकी कानांमागे रुतते, मान दुखावते, पाय घसरले तर तो बाजूला कोसळतो. दोर तुटला तर मागच्या मागे उलटतो. त्यातून उठला की एक गोष्ट मात्र पक्की शिकलेला असतो: जोर लावला की दोर तुटतो. ही खोड पुढे वर्षानुवर्षं जात नाही.

जो घोडा झुंजणं सोडून गप्प उभा राहतो, तो निवळला असं समजणं ही दुसरी चूक. जवळ जाऊन बघा. डोळ्याची पापणी लवत नाही, ओठ आवळलेले, नाकपुड्या ताणलेल्या, पोटाखालचे स्नायू दगडासारखे. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवली की नाडी लागते. 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. विश्रांतीत मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते. "शांत" दिसणाऱ्या घोड्याची नाडी दुप्पट लागली, तर त्याने फक्त हार मानली आहे. असा घोडा बाहेर एखाद्या दिवशी काही इशारा न देता उधळतो, आणि मग "काल तर ठीक होता" असं म्हणायची वेळ येते.

डेन्मार्कमध्ये दोन वर्षांच्या 27 घोड्यांवर झालेला आणि 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे नेमका लागू पडतो. वस्तू साधीच होती, हलणारी पांढरी नायलॉनची पिशवी. एका गटाला ती थेट पूर्ण जोरात दाखवली, दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने, तिसऱ्याला खाण्याची जोड देऊन. टप्प्याटप्प्याने शिकलेले घोडे कमी उधळले, कमी सत्रांत शिकले आणि त्या गटातले सगळे शिकले. इतर गटांतले काही शेवटपर्यंत शिकलेच नाहीत. शिवाय बाहेरची धडपड थांबल्यावरही हृदयाच्या ठोक्यांतला फरक उरलेला दिसला. लक्षात घ्या, त्या अभ्यासात कुणाला आखूड बांधून छळलं नव्हतं, तरी हा फरक पडला.

मग करायचं कसं? मोकळी, भुसभुशीत जागा आणि साडेतीन-चार मीटरचा दोर. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घड्या घालून धरायचा. तुम्ही घोड्याच्या खांद्याजवळ, समोर कधीच नाही. काठीच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून मदतनीस 15 मीटरवर घोड्याकडे पाठ करून चालत जातो आणि घोडा तिच्या मागे चालतो. जी वस्तू आपल्यापासून दूर पळते ती शिकारी नसते, हे घोड्याला पटकन पटतं. कान पुढे, मान खाली आली की अंतर थोडं कमी करायचं. पुढे पिशवी एका जागी हळू हलवायची. घोडा पाय हलवत असेल तर पिशवी तशीच संथ हलती ठेवायची. पाय थांबले, मान सैल झाली, त्या क्षणी खाली. सगळी गोम या क्षणात आहे. घोडा मागे सरकताना पिशवी बंद केली तर त्याला कळतं की सरकलं की त्रास थांबतो. आणि तो सारखाच सरकत असेल तर तुम्ही फार जवळ आला आहात, पाच मीटर मागे जा. एका वेळी 10 ते 15 मिनिटं पुरतात. मूठभर चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, पुढे करून बघा. एरवी तुटून पडणारा घोडा ती घेत नसेल, तर त्याला त्या अंतरावर शिकवण्यात अर्थ नाही.

"तीन दिवसांत, आणि कायमचा."

काही घोड्यांना पिशवीची सवय तीन दिवसांत होतेही. पण ती त्या पिशवीची, त्या जागेची आणि त्या माणसाबरोबरची सवय असते. निळी ताडपत्री नवी, छत्री नवी, तीच छत्री वाऱ्यात उलटली की तीही नवी. पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू तीन-चार वेगवेगळ्या जागी दाखवल्यावर घोड्याला हळूहळू एक सर्वसाधारण गोष्ट उमगते: काही विचित्र दिसलं तर थांबायचं आणि माणसाकडे लक्ष द्यायचं. याला आठवडे लागतात. अचानक बुजू लागलेल्या जुन्या, शहाण्या घोड्याला मात्र आधी पशुवैद्याला दाखवा. डोळा, दात किंवा पाठ दुखत असेल तर कितीही पिशव्या हलवून उपयोग नाही.

"एका डोळ्याचं दुसऱ्याला कळत नाही."

कळतं. घोड्याच्या मेंदूचे दोन भाग जोडलेले आहेत आणि एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्या डोळ्याने ओळखता येतं, हे तपासून झालं आहे. तरीही दोन्ही बाजूंनी सराव करावाच, पण कारण वेगळं. आपण सगळी कामं घोड्याच्या डावीकडून करतो, त्यामुळे उजवीकडे माणूस असणंच त्याला अनोळखी. शिवाय परतताना तीच वस्तू दुसऱ्या अंगाने दिसते, आणि वळवून ठेवलेली ओळखीची वस्तूही घोड्याला नवी वाटू शकते.

"खेळ म्हणजे पोरखेळ."

ज्या खेळांना इंग्लंडमध्ये जिमखाना गेम्स म्हणतात, त्यांचं नावच हिंदुस्थानातून गेलेलं. मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या तिथल्या पोनी क्लब या संस्थेची प्रिन्स फिलिप कप ही स्पर्धा 1957 पासून याच खेळांवर चालते. महागडा घोडा न परवडणाऱ्या मुलांसाठी ती सुरू झाली. बावटा उचलणं, पाच काठ्यांमधून नागमोडी जाणं, पोत्यात शिरून उड्या मारत घोडा ओढून नेणं यांत घोड्याला भिववणाऱ्या गोष्टी ठासून भरल्या आहेत, फक्त त्यांना एक काम जोडलेलं आहे. सगळा फरक त्यानेच पडतो. नुसती फडफड सोसण्यापेक्षा फडफडणाऱ्या बावट्यापाशी जाऊन थांबायचं, हे घोड्याला समजायला सोपं.

बावट्याचंच घ्या. सव्वा मीटरची बांबूची काठी, बोथट टोकं, कापड आधी काठीला गुंडाळून बांधलेलं. पहिल्या दिवशी स्वार नाहीच. पायी चालत घोड्याला काठी खोचलेल्या शंकूजवळ न्या, काठी उचला, त्याच्या खांद्यावर घासा, परत ठेवा. मग स्वार बसून, चालीत. काठी उचलताना स्वार झुकतो, वजन एका रिकिबीवर जातं, टाच नकळत बरगडीत रुतते आणि घोडा पुढे निघतो. लोक म्हणतात बावट्याला बुजला. खरं तर त्याने टाचेचा हुकूम पाळलेला असतो. म्हणून आधी बावट्याशिवाय, उभ्या घोड्यावर दोन्ही बाजूंना झुकायचा सराव. कापड सोडायचं सगळ्यात शेवटी, आधी वीतभर. काठी घोड्याच्या डोक्यावरून दुसऱ्या बाजूला कधीच न्यायची नाही, शेपटीच्या बाजूने न्या.

ताडपत्री अंथरायची तर घडी घालून मीटरभर रुंद, कडांवर वाळूची पोती. लोखंडी नाल ओल्या प्लॅस्टिकवर घसरते आणि एकदा घसरलेला घोडा ताडपत्रीवर पाय ठेवत नाही, म्हणून खाली माती हवी, फरशी नको. पोत्याच्या खेळात घोड्याला पोत्यापेक्षा शेजारी उड्या मारणारा मालक भयंकर वाटतो. आधी पोत्याशिवाय उड्या मारा. फुग्यांचा रंगही बघा. घोड्याला निळा-पिवळा नीट दिसतो, लाल आणि हिरव्यात फरक फारसा कळत नाही. गवतावरचा लाल फुगा उठून दिसत नाही आणि वाऱ्याने हलला की एकदम "जिवंत" होतो. निळे किंवा पांढरे घ्या.

खेळ घोडा बिघडवतात हे एका अर्थी खरं, जेव्हा पहिल्याच आठवड्यात शर्यत लावली जाते. काठ्या सात ते नऊ मीटरवर रोवा आणि पंधरवडाभर फक्त चाल आणि दुडकी, मधेच कुठेतरी थांबा. नाहीतर घोडा रेषेवर येताच नाचू लागतो, स्वार लगाम खेचतो, तोंड दुखतं, आणि पुढच्या वेळी तो आणखी तापतो.

"कानांत कापूस."

सुटा कापूस आत सरकून अडकतो, घोडा डोकं झाडत राहतो. विणलेली कानटोपी किंवा घोड्यांच्या कानांसाठी मिळणारे बोळे आवाज थोडा कमी करतात, तेवढीच त्यांची मदत. ढोल जमिनीतूनही जाणवतो, तो कानटोपीने अडत नाही. मोबाइलच्या स्पीकरवरून सुरुवात करायला हरकत नाही, चंदीच्या वेळी अगदी बारीक आवाजात, पण त्यात ढोलाचा खर्ज येतच नाही. त्यामुळे खरा ढोल लागतो: एकच, 50 मीटरवर, घोड्याला दिसेल असा, कारण न दिसणारा आवाज जास्त भिववतो. दहा ठोके, थांबा, घोड्याने मान खाली घातली की पुन्हा. 30 मीटरवर निवांत चरू लागला की 20. मग दोन ढोल, मग ताशा. ताशा वेगळा शिकवावा लागतो, त्याचा चरचरीत आवाज घोड्याच्या कानाला आणखी टोचतो. नव्या पथकासमोर नेताना पुन्हा लांबूनच सुरुवात करायची. मात्र पहिल्यांदा ज्या अंतराला आठवडा गेला, ते तयार घोड्याला बहुधा एका संध्याकाळीत पार करता येतं.