काका, कान खोटा नाही, पण त्याला मागचा महिना आठवत नाही

नमस्कार काका,

इंजिनाचा बिघाड व्हायब्रेशन सेन्सरने, म्हणजे कंपन मोजणाऱ्या यंत्राने, आधीच ओळखता येतो या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की तीस वर्षं हिंगणा एमआयडीसीत इंजिनं खोलली, लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला की बिघाड कळतो, आणि व्हायब्रेशनचे सेन्सर म्हणजे मालकाला घाबरवून पैसे काढायचा धंदा. शिवाय तुमच्याकडे सेन्सरने दोनदा इशारा दिला, इंजिन खोललं, काहीच निघालं नाही. आणि बेअरिंगची झीज सेन्सरपेक्षा ऑइलच आधी सांगतं.

स्क्रू ड्रायव्हर लावूनच मीही शिकलो. तरी एक अनुभव सांगतो. बुटीबोरीकडे मिरचीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सहा सिलिंडरचा जनरेटर आहे, 1500 आरपीएमचा. दर सोमवारी त्याच जागी, तेवढ्याच लोडवर आम्ही रीडिंग घेतो. कंपनाचा वेग सेकंदाला 7 मिलिमीटरचा 8 झाला, मग 11. मी कान लावला, ऑपरेटरने लावला. दोघांनाही काही वेगळं वाटलं नाही, कारण आवाज रोज किंचित बदलला की कान त्याला सरावतो.

मग सेकंदाला किती ठोके, त्याप्रमाणे कंपनं सुटी करून पाहिली. 1500 आरपीएम म्हणजे सेकंदाला 25 फेरे. फोर स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा वेळा. सहाही सारखे पेटले तर हे ठोके एकमेकांना बरेचसे सांभाळून घेतात. एक ढिला पडला की साडेबाराचा ठोका वर येतो. इथे नेमका तोच वाढलेला. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा एकेक इंजेक्टर तपासला, चौथा टपकत होता. तसंच चालवलं असतं तर कच्चं डिझेल लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, पिस्टन घासतो आणि शेवटी जॅम होतो. तेही मे महिन्यात, लाइट गेलेली असताना!

तुमच्या खोट्या इशाऱ्यांचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. एवढं इंजिन खोलायचं आणि हाती काही नाही, यात माणसाचा विश्वास उडणारच. मॅग्नेटवाला सेन्सर रंगाच्या पापुद्र्यावर किंवा धुळीवर बसवला तर भलतंच रीडिंग येतं. लोड बदलला तरी आकडा हलतो. हे मी मूळ लेखात लिहायलाच हवं होतं, चूक माझी. उन्हाने कडक झालेलं माउंटिंगचं रबरही असाच चकवा देतं. आणि क्रँकच्या शेल बेअरिंगची झीज व्हायब्रेशनमध्ये फार उशिरा दिसते, तिथे ऑइलची तपासणीच आधी सांगते. हा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

तुमच्या त्या दोन इशाऱ्यांच्या वेळी लोड किती होता आणि सेन्सर कुठे चिकटवला होता, तेवढं कळवाल का? ब्लॉकवर रंग खरवडून, पंचने खूण करून एक पक्की जागा ठरवा आणि महिनाभर तिथूनच रीडिंग घ्या. आकडे पाठवलेत तर मी बसून पाहतो.