पांढऱ्या जोडीचे काळे करडू

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी मंडळींत सध्या एक संदेश फिरतो आहे. पांढऱ्या शेळीला पांढऱ्या बोकडापासून काळे करडू झाले तर बोकड दुसराच होता असे समजावे, तसे नसेल तर गाभणपणी शेळीच्या नजरेस काही काळे पडले असावे, आणि अंगावर दुसरा रंग दिसणारी जमनापारी जातीची शेळी भेसळीची मानावी, असे त्यात म्हटले आहे. या संदेशाच्या भरवशावर आमच्या मागच्या गल्लीतील एका शेळीवाल्याला लबाड ठरवून त्याच्याकडून घेतलेली शेळी पिलांसह परत करण्यात आली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ती जुळी करडे मी व्याल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहिली होती. एक पांढरेशुभ्र, दुसरे खुरांपर्यंत काळेभोर, आणि दोघेही एकाच कासेला ढुशा देत होती.

बोकडावरचा आरोप आधी तपासू. केसांत दोनच रंगद्रव्ये असतात, एक काळे-तपकिरी आणि दुसरे तांबूस-पिवळे. कोणते तयार व्हावे हे ठरवण्यात अगूटी नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो. त्याचा संकेत जोरदार असला की काळे द्रव्य थांबते, तांबूस तेवढे उरते, आणि तेही फिके पडले की जनावर पांढरे दिसते. स्वित्झर्लंडच्या पांढऱ्या सानेन शेळीत या जनुकाच्या भागाच्या एकाहून अधिक प्रती आढळल्या आहेत. शेळ्यांत हे पांढरे-तांबूस रूप प्रभावी असून सर्वांगी काळे रूप अप्रभावी आहे. म्हणजे आईकडून पांढरे आणि बापाकडून काळे रूप मिळालेले जनावर पांढरेच दिसते, पण काळे रूप त्याच्यात दडून राहते आणि कित्येक पिढ्या कोणाच्या ध्यानातही येत नाही. असे दोन पांढरे एकत्र आले की प्रत्येक करडू काळे होण्याची शक्यता ४ पैकी १ असते, आणि जुळ्यांत किमान एक काळे निघण्याची शक्यता १६ पैकी ७, म्हणजे जवळजवळ निम्मी. यात नवल कसले? उलट, दोन काळ्यांना पांढरे करडू झाले तर विचारात पडावे; तेव्हाही काळेपणा एक्स्टेन्शन या दुसऱ्या जनुकस्थानावरून आला असेल, तर त्याचा उलगडा होतो, कारण तेथील काळा रंग प्रभावी असू शकतो.

एकाच माजात दोन बोकड लागले तर जुळ्यांचे बाप वेगळे असू शकतात, हे मान्य करायलाच हवे. परंतु करडू काळे आहे एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही.

नजरेची गोष्ट तर टिकतच नाही. करडाला कोणती जनुके मिळणार हे गर्भ राहतानाच, व्याण्याच्या सुमारे ५ महिने आधी ठरते. रंगपेशी गर्भाच्या पाठकण्याच्या बाजूने निघून अंगभर पसरतात. जेथे त्या पोहोचत नाहीत तेथे केस पांढरे उगवतात, आणि म्हणूनच पांढरे डाग कपाळावर, पोटाखाली, पायांच्या टोकांशी जास्त दिसतात. आईच्या डोळ्यांपासून या पेशींपर्यंत कोणतीही वाट नाही.

राहिली जमनापारी. यमुना-चंबळच्या खोऱ्यातील ही जात आपल्या भिंडच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. तिचे अंग बहुतेक पांढरे असले तरी मान आणि कानांवर तांबूस छटा सर्रास आढळते. जाणकार माणूस तिचे पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, लांब लोंबते कान आणि मागच्या मांड्यांवरचे दाट केस पाहतो. निव्वळ पांढऱ्या रंगावर शुद्धता मोजणारा गिऱ्हाईक दडलेले काळे रूप असलेला बोकडसुद्धा बिनदिक्कत घेईल, कारण ते रूप बाहेरून दिसतच नाही.

बाप कोण, याचा वाद मिटवायचाच असेल तर करडू, शेळी आणि बोकड या तिघांचे मुळासकट उपटलेले थोडे केस डीएनए तपासणीला पुरतात.