‘बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत’: त्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरात तालमीच्या आणि पेठेतल्या फुटबॉलच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातो. सांगणं असं: बोटं हलत असतील तर हाड मोडलेलं नाही. गरम तेलानं चोळा. मोडलंच असेल तर कामट्या लावून करकचून बांधा, प्लास्टरनं सांधा जाम होतो. आणि रोज पायाचं सूप प्या, हाड निम्म्या दिवसांत जुळतं.

बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांत जातात. मनगटाचं हाड मोडलं तरी दोऱ्या तुटलेल्या नसतात, म्हणून बोटं हलतातच. हात टेकून पडल्यावर, अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथं दाबून दुखत असेल, तर स्कॅफॉइड या काजूएवढ्या हाडाची शंका धरायची. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. म्हणून मनगट बांधून ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी परत एक्स-रे काढतात, नाहीतर आधीच एमआरआय करतात. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूनं मिळतं. मधोमध मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो, आणि ‘लचक भरली’ म्हणून सोडून दिलेलं हाड अनेकदा जुळतच नाही.

घोटा मुरगळला तर कसोटी वेगळी. लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकावर किंवा मागच्या कडेला, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, बोटानं दाबून दुखतं का? करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेचा उंचवटा किंवा त्यासमोर आतल्या बाजूचं हाड दुखतं का? पावलं टाकता येत नसतील किंवा यातलं काहीही दुखत असेल तर एक्स-रे. मधुमेहामुळं पाय बधिर असतील तर या कसोटीवर विसंबू नये.

ताज्या माराला तेल लावून रगडलं की आतला रक्तस्राव वाढतो. कोपराला तर हातच लावू नये: तिथं जोरानं चोळलं, ओढलं की स्नायूतच हाड तयार होऊ शकतं आणि हात वाकेनासा होतो. त्याऐवजी बर्फ, कापडात गुंडाळून, एका वेळी १५-२० मिनिटं.

सगळ्यात घातक ओळ ‘करकचून बांधा’ ही. हाताचे आणि पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणाच्या कप्प्यांत असतात. हाड मोडलं की कप्प्यात रक्त साचतं, सूज पहिले दोन दिवस वाढत जाते. वरून कामट्यांचा आवळ बसला की दाबाला वाट राहत नाही, स्नायूचं रक्त तुटतं. असे सहा तास गेले की स्नायू कायमचा मरू लागतो. मुलं पडून कोपराच्या वरचं हाड मोडतं तेव्हा हा धोका मोठा, नंतर बोटं पंजासारखी आखडून बसतात. खूण अशी: गोळी देऊनही दुखणं चढतच जातं, आणि दुसऱ्यानं बोटं हळूच सरळ केली तरी मूल किंचाळतं. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, ती फार उशिरा जाते. अशा वेळी पट्टी कातडी दिसेपर्यंत पूर्ण सोडायची, हात छातीच्या पातळीला ठेवायचा आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. थोडक्यात, बोटं तपासायची ती हाड मोडलंय का हे बघायला नव्हे, बांधलेलं घट्ट झालंय का हे बघायला.

घट्ट प्लास्टरही हेच करू शकतं. म्हणूनच सुरुवातीला बहुधा एका बाजूनं उघडा स्लॅब देतात, सूज उतरल्यावर पूर्ण प्लास्टर. सांधा आखडतो हेही खरं, पण तो हलवला नाही म्हणून. मनगटाचं प्लास्टर साधारण सहा आठवडे असतं. तेवढे दिवस बोटं, कोपर, खांदा रोज हलवायचे.

मग हाडवैद्याकडं गुण येतो तो कसा? लहान पोराला हाताला धरून उचललं की कोपरातलं हाड जरासं सरकतं, ते एका झटक्यात बसतं आणि पोर लगेच खेळायला लागतं. गळपट्टीचं हाड तर बहुतेक वेळा नुसत्या झोळीत जुळतं. लेपाला श्रेय मिळतं, इतकंच.

राहिलं सूप. त्यातलं कोलॅजन पोटात पचतं, ते थेट हाडावर जाऊन चिकटत नाही. कॅल्शियम दूध आणि नाचणीत जास्त. बिडी-सिगारेट मात्र हाड जुळायला खरोखर उशीर लावते, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. पांढरा रस्सा खुशाल प्या, पण हॉस्पिटलला नेताना पाजू नका: ऑपरेशन लागलं तर भूल द्यायला पोट सहा तास रिकामं असावं लागतं.