आग माझ्या अंगठ्याखाली

आमच्या घरात रिमोट माझ्या हातात येतो तो फक्त सोफ्याखालून काढून देण्यापुरता. त्यामुळे अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याच्या आवारात ट्रेनरने "रिमोट कोण धरणार?" असं विचारलं, तेव्हा माझा हात आपोआप वर गेला.

निमित्त अग्निशमन सप्ताहाचं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून आमचा कार्यक्रम १६ ला, भर उन्हात. त्यात पुन्हा आग.

यंत्र साधंच होतं. पाणी भरलेला स्टीलचा ट्रे, तळाशी भोकाभोकांचा पाइप, त्यातून बुडबुडे काढत वर येणारा एलपीजी. माझ्या हातात पिवळा रिमोट. हिरवं बटण दाबून धरलं की आग, अंगठा उचलला की खलास. रिमोट धरणारा घेरी येऊन पडला तरी आग विझावी, म्हणून ही सोय. (मला घेरी येईल हे त्या कंपनीने आधीच धरून चाललेलं पाहून बरं वाटलं नाही.)

ट्रेनर कानात म्हणाला, "ज्वाळेच्या बुडाशी फवारा मारला, इकडून तिकडे नीट झाडल्यासारखा, तरच सोडायचं. शेंड्यावर मारला तर दाबून धरायचं."

म्हणजे अग्निशामक सिलिंडर घेऊन एकेक करून पुढे येणारे सहकारी आग विझवणारच नव्हते. मी विझवणार होतो. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

पहिले आले प्लांट हेड साहेब. पिन ओढली, नळी उचलली आणि द्राक्षबागेवर औषध मारावं तसा थेट शेंड्यावर फवारा. मी नियमाने दाबून धरलं. साहेब आणखी वर मारू लागले. आग तशीच. साहेबांनी मान वळवून आधी आगीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. एप्रिल महिना. इन्क्रिमेंटची यादी अजून त्यांच्याच टेबलावर.

अंगठा आपोआप उचलला गेला. टाळ्या! ट्रेनरने माझ्याकडे असं बघितलं की मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो.

मग काय, गुपित फुटलं. स्टोअरवाला आग विझवायच्या आधी माझ्याकडेच आला. "भाऊ, सोड ना लवकर. उद्याची मिसळ माझ्याकडून." पेंटशॉपवाल्याने त्यावर जिलबी वाढवली. मी कुणालाच शब्द दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

अकराव्या माणसापर्यंत अंगठ्याला मुंग्या आल्या आणि रिमोट घामाने बुळबुळीत झाला. एचआरच्या मॅडम पुढे आल्या, सिलिंडर उचलला, पिनेला हात घातला आणि माझा अंगठा घसरला. पिन जागच्या जागी, आग गायब. मॅडम म्हणाल्या, "झालं?" आणि सही करून गेल्या.

शेवटी कँटीनच्या मावशी. त्यांनी लाल सिलिंडरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रबरी नळीचा माग काढत त्या ट्रेला लांबून वळसा घालून गॅसच्या टाकीपाशी गेल्या आणि पदराने हात पुसून व्हॉल्व्ह फिरवला.

"आधी गॅस बंद करायचा ना, बाबा."

ट्रेनर खुलला. गॅसची आग नुसती विझवली आणि गळती चालूच राहिली, तर हवेपेक्षा जड एलपीजी जमिनीलगत साचतो आणि पुढच्या ठिणगीला सगळंच उडतं, असं तो पाच मिनिटं समजावत होता. आख्ख्या कारखान्यात मावशींचं एकटीचंच बरोबर आलं होतं. सगळे माना डोलावत होते. मीही.

एवढ्यात त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"साहेब," तो म्हणाला, "आता सोडलं तरी चालेल."